बुद्धिवादाचे युग आणि कायद्याची भाषा : ग्रेग्वारच्या अहवालाचे परीक्षण

बुद्धिवादाच्या युगाने युरोपच्या विचारात आणि राज्यव्यवस्थेत कोणते परिवर्तन घडवून आणले, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील पाठ्यग्रंथांतून बहुधा एकाच साच्यात दिलेले आढळते. धर्मपीठाच्या वचनाऐवजी अनुभव आणि अनुमान यांना प्रामाण्य आले. राजाच्या ईश्वरदत्त अधिकाराची जागा लोकसंमतीच्या तत्त्वाने घेतली. जन्मसिद्ध विशेषाधिकार जाऊन सर्वांना एकच कायदा लागू झाला. हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. तत्त्वज्ञाच्या ग्रंथात मांडलेला विचार खेड्यातील शेतकऱ्याच्या दारापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचला, हे त्यातून कळत नाही. विचार पोहोचतो तो भाषेच्या द्वारा. आणि ज्या फ्रान्समध्ये या युगाची राजकीय परिणती झाली, तेथील प्रजेच्या फार मोठ्या भागाला कायद्याची भाषा मुळातच अवगत नव्हती.

ही अडचण ज्या एका दस्तऐवजात अत्यंत स्पष्टपणे मांडली गेली, तो दस्तऐवज म्हणजे आंरी ग्रेग्वार याने ४ जून १७९४ रोजी पॅरिस येथे राष्ट्रीय कन्व्हेन्शनपुढे सादर केलेला अहवाल होय. प्रादेशिक बोली नष्ट करण्याची आणि फ्रेंच भाषेचा वापर सार्वत्रिक करण्याची आवश्यकता व त्याची साधने, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. भाषाशास्त्राचे विद्यार्थी या अहवालाकडे भाषिक अत्याचाराचा नमुना म्हणून पाहतात. इतिहासाचे विद्यार्थी राष्ट्रीय ऐक्याच्या घडणीतील एक टप्पा म्हणून त्याची नोंद घेतात. दोघेही तो क्वचितच साक्षेपाने वाचतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, सामान्य माणसाला कायदा समजला पाहिजे हे तत्त्व राज्यकारभारात आणणे हे बुद्धिवादाच्या युगाचे मोठे श्रेय आहे. त्यासाठी सर्वांची भाषा एकच असली पाहिजे असे मानणे ही त्याची मोठी चूक आहे. आणि या श्रेयाचे व या चुकीचे मूळ भाषाविषयक एकाच उपपत्तीत आहे.

१

प्रथम ती उपपत्ती पाहू. १६६० मध्ये आर्नो आणि लांस्लो यांनी रचलेल्या पोर रॉयाल व्याकरणाची भूमिका अशी होती की, सर्व भाषांच्या बुडाशी मानवी बुद्धीचे समान व्यापार असतात आणि व्याकरण हे त्या व्यापारांचे विवरण होय. १६९० मध्ये जॉन लॉक याने मानवी आकलनावरील आपल्या निबंधाचा तिसरा भाग संपूर्णपणे शब्दांच्या विचाराला दिला. माणसामाणसांतील पुष्कळसे वाद शब्दांच्या अनिश्चित अर्थामुळे उद्भवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. लॉकचा हा विचार काँदियाक याने १७४६ च्या आपल्या ग्रंथात पुढे नेला. लॉकच्या मते शब्द हे कल्पनांचे वाहक होते. काँदियाकच्या मते शब्दांच्या आणि इतर चिन्हांच्या साहाय्यावाचून कल्पनांचे विश्लेषणच संभवत नाही. चांगली भाषा असल्याशिवाय चांगला विचार होत नाही, आणि एखादे शास्त्र म्हणजे सुघटित भाषा होय, असे त्याचे मत झाले.

या मताची कसोटी प्रथम रसायनशास्त्रात लागली. १७८७ मध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूर्क्र्वा या चौघांनी रासायनिक द्रव्यांच्या नावांची नवी पद्धत सिद्ध केली. व्हिट्रिऑलचे तेल यासारखी किमयागारांची नावे मागे पडून सल्फ्यूरिक आम्ल यासारखी, द्रव्याची घटना सांगणारी नावे आली. १७८९ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लाव्हाझिएने काँदियाकचा आधार घेऊन सांगितले की, आपण केवळ परिभाषा सुधारण्यास निघालो आणि तसे करता करता शास्त्राचीच पुनर्रचना झाली. भाषेच्या सुधारणेतून ज्ञानाची सुधारणा होते, याचा एवढा प्रत्ययकारी दाखला त्या शतकाला दुसरा मिळाला नसेल.

रसायनशास्त्रात जे साधले ते समाजातही साधेल, अशी आशा त्या पिढीला वाटली तर नवल नाही. १७९० मध्ये जुने प्रांत मोडून फ्रान्सचे ८३ विभाग पाडण्यात आले आणि त्यांना बहुतांशी नद्यांची व पर्वतांची नावे देण्यात आली. १७९३ मध्ये महिन्यांची नावे बदलली. १७९५ मध्ये मीटर, लिटर, ग्रॅम ही मापे कायद्याने आली. गावोगाव भिन्न असलेली जुनी मापे शेतकऱ्याला नाडण्याचे साधन झाली होती, त्यामुळे मापांच्या सुधारणेत खराखुरा न्याय होता. सारांश, राज्यकारभाराची पुनर्रचना हे त्या काळच्या सुधारकांच्या दृष्टीने पुष्कळ अंशी नामकरणाचे कार्य होते. जुने, संदिग्ध, स्थानिक नाव काढून नवे, निश्चित, सार्वत्रिक नाव द्यावयाचे, ही त्याची रीत. ग्रेग्वारचा अहवाल या मालिकेतच ठेवून वाचला पाहिजे.

२

क्रांतिपूर्व राजसत्तेने भाषेचा असा विचार केलेला नव्हता. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रेच्या आज्ञापत्राने न्यायालयीन कागदपत्रे फ्रेंचमध्ये लिहिण्याचे ठरले, परंतु त्याचा मुख्य रोख लॅटिनवर होता. ब्रिटनीतील शेतकरी घरी काय बोलतो याच्याशी राजाला कर्तव्य नव्हते. प्रजेकडून कर हवा होता, सैनिक हवे होते. प्रजेची समजूत हवी होती असे नाही. या उपेक्षेमुळे बोली टिकल्या, म्हणून तिला उदारपणा म्हणणे योग्य होणार नाही.

१७८९ नंतर परिस्थिती पालटली. कायदा ही लोकांच्या इच्छेची अभिव्यक्ती आहे असे एकदा घोषित केल्यावर, ज्या लोकांना तो कायदा वाचताही येत नाही त्यांची इच्छा त्यात कशी व्यक्त होते, या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते. पहिले उत्तर भाषांतराचे होते. १४ जानेवारी १७९० रोजी राष्ट्रीय सभेने आपले निर्णय प्रादेशिक भाषांतून प्रसिद्ध करण्याचे ठरविले. काम सुरू झाले; पण त्यास खर्च फार येई, विलंब लागे आणि भाषांतरांचा दर्जाही सारखा नसे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्रेग्वारने ४३ प्रश्नांची एक प्रश्नावली देशभर पाठविली. आपल्या भागात फ्रेंच कितपत चालते, स्थानिक बोलीत व्याकरण अथवा कोश आहे काय, बौद्धिक विषयांसाठी तीत शब्द आहेत काय, असे तिचे स्वरूप होते. युरोपातील भाषिक पाहणीच्या इतिहासात या प्रश्नावलीला मानाचे स्थान आहे. मात्र बोली पूर्णतया नष्ट केल्यास धार्मिक व राजकीय दृष्टीने काय महत्त्व राहील आणि त्यासाठी साधने कोणती, हेही प्रश्न तिच्यात होते. म्हणजे चौकशी पुरी होण्यापूर्वीच निष्कर्षाची दिशा ठरली होती. उत्तरे देणारे होते वकील, धर्मगुरू आणि क्रांतिवादी मंडळांचे सभासद. ज्याच्या बोलीची चौकशी चालली होती, तो शेतकरी उत्तर देणाऱ्यांत नव्हता.

पुढे युद्ध आले आणि स्वर वाढला. २७ जानेवारी १७९४ रोजी बारेर याने ब्रेटन, बास्क, जर्मन आणि कॉर्सिकातील इटालियन या चार भाषांवर प्रतिक्रांतीच्या वाहक म्हणून कठोर हल्ला चढविला, आणि त्या प्रदेशांत फ्रेंचचे शिक्षक नेमण्याचा ठराव झाला. असे शिक्षक फारसे मिळाले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

३

ग्रेग्वारचा अहवाल वाचताना तो कोणी लिहिला हे विसरता येत नाही. ग्रेग्वार हा लोरेन प्रांतात १७५० मध्ये जन्मलेला कॅथलिक धर्मगुरू. यहुद्यांना समान नागरिकत्व मिळावे यासाठी लिहिलेल्या त्याच्या निबंधाला मेत्स येथील विद्वत्सभेने १७८८ मध्ये गौरविले होते. काळ्या गुलामांच्या मुक्तीचा तो पुरस्कर्ता होता. आणि ज्या फेब्रुवारी १७९४ मध्ये कन्व्हेन्शनने वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली, त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी त्याने हा अहवाल वाचला. कलाकृतींच्या विध्वंसाला ‘व्हँडॅलिझम’ हे नाव त्यानेच रूढ केले. अशा मनुष्याने बोलींच्या विनाशाची मागणी करावी, ही विसंगती केवळ स्वभावदोषाने उलगडत नाही. तिचे मूळ त्याच्या तत्त्वांतच शोधले पाहिजे.

अहवालातील आकडे सर्वपरिचित आहेत. किमान ६० लाख फ्रेंच लोकांना राष्ट्रभाषा मुळीच येत नाही. जवळजवळ तितक्यांनाच तीत सलग संभाषण करता येत नाही. ती शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नाहीत. केवळ फ्रेंचच बोलली जाते असे विभाग जेमतेम १५. आणि एकूण बोली ३०. स्वातंत्र्याच्या बाबतीत जगाच्या पुढे असलेले हे राष्ट्र भाषेच्या बाबतीत अजून बाबेलच्या मनोऱ्यापाशीच आहे, असा त्याचा विषाद आहे.

या विषादामागे एक न्याय्य आणि आजही अबाधित असा युक्तिवाद आहे. ज्याला कायद्याची भाषा येत नाही त्याला अधिकारपद मिळणार नाही. मिळालेच तर तो दुभाष्याच्या अधीन राहील. भाषा जाणणाऱ्यांचा एक नवा वर्ग निर्माण होईल आणि जन्माने गेलेला विशेषाधिकार भाषेच्या मार्गाने परत येईल. समतेची घोषणा करून थांबणाऱ्या राजकारण्यांच्या मानाने ग्रेग्वारची दृष्टी येथे निःसंशय खोल आहे.

सुचविलेली साधनेही सर्वस्वी दंडशाहीची नाहीत. सोप्या भाषेतील लहान पुस्तिका, गीते, वृत्तपत्रे, रस्त्यांवरील पाट्या यांवर त्याचा भर आहे. फ्रेंच व्याकरणातील अपवाद काढून ती भाषा शिकावयास सुकर करावी, असेही तो म्हणतो. यात काँदियाकचा शिष्य स्पष्ट दिसतो. मात्र विवाहेच्छू वधूवरांनी राष्ट्रभाषा लिहिता, वाचता व बोलता येत असल्याचे सिद्ध करावे, हीही सूचना त्याच अहवालात आहे. समतेसाठी निघालेला विचार माणसाच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत कसा जातो, हे तेथे दिसून येते.

४

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप संज्ञेविषयी. अहवालात ‘पात्वा’ या एका शब्दाखाली नॉर्मन, पिकार, प्रोव्हांसाल, गास्कन, ब्रेटन, फ्लेमिश आणि बास्क या सर्वांना एकत्र बसविले आहे. यांपैकी नॉर्मन व पिकार या फ्रेंचच्या सख्ख्या भगिनी. प्रोव्हांसाल व गास्कन या ज्या ओक्सितान शाखेच्या, तिला बाराव्या शतकापासूनची काव्यपरंपरा आहे. ब्रेटन ही केल्टिक कुळातील. आणि बास्कचा तर इंडो-युरोपीय कुळाशी काहीच संबंध नाही. कॉर्सिकातील इटालियन आणि आल्सासमधील जर्मन यांनाही, त्या तेथे भ्रष्ट झाल्या आहेत एवढ्या कारणावरून, या गणनेत घेतले आहे. दिदरोच्या विश्वकोशातही ‘पात्वा’चा अर्थ प्रांतोप्रांती बोलली जाणारी भ्रष्ट भाषा असाच दिला असून, खरी भाषा केवळ राजधानीत बोलली जाते असे म्हटले आहे. ज्या शतकाने द्रव्यांची संदिग्ध नावे काढून घटनादर्शक नावे दिली, त्यानेच भाषांच्या बाबतीत सर्वांत संदिग्ध नाव कायम ठेवले. लाव्हाझिएची पद्धत ग्रेग्वारने येथे लावली असती, तर त्याच्या यादीतील एकही नोंद जशीच्या तशी राहिली नसती.

दुसरा आक्षेप कार्यकारणभावाविषयी. बोलींचे वैविध्य सरंजामदारांनी हेतुपुरस्सर राखले, कारण पळून गेलेली कुळे बोलीवरून ओळखता येत, असे ग्रेग्वार सुचवितो. बोलीभेद हा दळणवळणाच्या अभावाचा, वस्तीच्या इतिहासाचा आणि काळाच्या ओघात होणाऱ्या ध्वनिपरिवर्तनाचा परिणाम असतो. तो कोणाच्या कारस्थानाने उत्पन्न होत नाही. भाषा ही माणसाने जाणूनबुजून केलेली योजना आहे असे मानणाऱ्याला भाषाभेदही योजनापूर्वक केलेला वाटतो. उपपत्तीचा दोष येथे इतिहासात उतरला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. भाषांतराचा मार्ग का सोडला याचे ग्रेग्वारने दिलेले कारण असे की, या बोली भावना व्यक्त करण्यास समर्थ असल्या तरी राजकीय विषयांच्या संज्ञा त्यांच्यात मुळीच नाहीत आणि काहींना तर निश्चित वाक्यरचनाही नाही. यातील शेवटचे विधान भाषाशास्त्राच्या दृष्टीने टिकण्यासारखे नाही. निश्चित वाक्यरचनेवाचून कोणत्याही समाजाचा भाषाव्यवहार एक दिवसही चालणार नाही. पण पहिल्या विधानाच्या ओघात तो सहज कबूल करून जातो की, खुद्द फ्रेंचमध्येही राजकीय परिभाषा नुकती कोठे निर्माण होत आहे. ही कबुली त्याच्या संपूर्ण युक्तिवादाला बाधक आहे. फ्रेंचमधील ही परिभाषा निसर्गाने दिलेली नव्हती. सभागृहांत, वृत्तपत्रांत आणि न्यायालयांत वापराने ती घडत होती. जे कार्य फ्रेंचने पाच वर्षांत साधले ते प्रोव्हांसालला अथवा ब्रेटनला का साधू नये, याचे उत्तर अहवालात नाही. संज्ञांचा अभाव हे वापराच्या अभावाचे फल आहे. ग्रेग्वारने त्यालाच कारण मानले.

या आक्षेपांतून उपपत्तीतील मूळ दोष हाती लागतो. भाषा हे विश्लेषणाचे साधन आहे, हे काँदियाकचे म्हणणे शास्त्रीय परिभाषेपुरते फलदायी ठरले. परिभाषा थोड्या तज्ज्ञांची असते. ती ठरावाने बदलता येते. मातृभाषा मुलाला तर्क करण्यापूर्वी मिळते, आणि तर्कही तो तिच्यातूनच करावयास शिकतो. मापे बदलली तर शेतकऱ्याची फसवणूक थांबते. भाषा बदलावयास लावली तर त्याला काही काळ तरी मुके व्हावे लागते.

२० जुलै १७९४ च्या कायद्याने सर्व सरकारी लेख फ्रेंचमध्येच लिहिण्याची सक्ती झाली आणि ती मोडणाऱ्या अधिकाऱ्यास सहा महिने कैद व बडतर्फी अशी शिक्षा ठरली. रोबेस्पिएरच्या पतनानंतर, सप्टेंबरच्या आरंभी, तो कायदा स्थगित करावा लागला.

५

हा दोष फ्रान्सपुरता होता असे मात्र नाही. हाब्सबुर्ग सम्राट जोसेफ दुसरा याने १७८४ मध्ये हंगेरीच्या कारभारातून लॅटिन काढून जर्मन आणली. मृत भाषेत राज्य चालविणे बुद्धीला पटत नाही आणि हंगेरियन ही तेथील सर्वांची भाषा नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. तर्क निर्दोष, पण परिणाम विपरीत झाला. १७९० च्या जानेवारीत, मृत्यूपूर्वी काही आठवडे, त्याला हा हुकूम मागे घ्यावा लागला. धर्मसहिष्णुतेच्या आणि भूदासांच्या मुक्तीच्या सुधारणा मात्र त्याने कायम ठेवल्या.

यावर मार्मिक टीका हेर्डर याने केली. १७७२ च्या भाषोत्पत्तीविषयक निबंधात, बर्लिनच्या विद्वत्सभेने गौरविलेल्या, त्याने विचार आणि भाषा यांचा जन्म एकत्रच होतो असे प्रतिपादिले होते. आणि १७९३ च्या आपल्या पत्रसंग्रहात त्याने जोसेफच्या भाषाधोरणाचा परामर्श घेऊन, लोकांचा सारा विचारठेवा त्यांच्या भाषेत असतो, ती हिरावून घेणे म्हणजे त्यांचे सर्वस्व घेणे, अशा आशयाचा निषेध नोंदविला. तथापि हेर्डरला ग्रेग्वारवरचा उतारा मानणे घाईचे होईल. प्रत्येक लोकसमूहाचा आत्मा त्याच्या भाषेत असतो हा विचार, राज्य हाती येताच, तितकाच असहिष्णू होऊ शकतो. हंगेरियन भाषा १८४४ मध्ये हंगेरीची राजभाषा झाली, आणि १९०७ च्या शिक्षणविषयक कायद्यांनी तेथीलच राज्यकर्त्यांनी स्लोव्हाक व रुमानियन शाळांवर तिचे बंधन लादले.

तर मग ग्रेग्वारला दुसरा मार्ग उपलब्ध होता काय? होता, असे इतिहासच सांगतो. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याच्या आश्रयाने आणि फ्रेंच क्रांतीच्याच तत्त्वांवर स्थापन झालेल्या हेल्व्हेटिक प्रजासत्ताकाने आपले कायदे जर्मन, फ्रेंच व इटालियन अशा तीन भाषांतून प्रसिद्ध केले. ते प्रजासत्ताक पाच वर्षांत लयास गेले. पण स्वित्झर्लंडची बहुभाषिकता टिकली. नागरिकांची समता आणि कारभाराची एकभाषिकता ही दोन भिन्न तत्त्वे आहेत, याचा याहून प्रत्यक्ष पुरावा मिळणे कठीण.

आणखी एक पुरावा आपल्या भाषेतच आहे. बुद्धिवादाच्या युगाचा एक प्रमुख प्रवक्ता टॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील १७९१-९२ चा ग्रंथ जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास वाचला. त्या विचारांचा प्रभाव घेऊन त्यांनी पुढे १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आणि १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ हे ग्रंथ लिहिले, ते शिष्टसंमत संस्कृतप्रचुर गद्यात नव्हे, तर शेतकऱ्याच्या बोलण्याशी नाते ठेवणाऱ्या मराठीत. समता, हक्क, न्याय या कल्पना शेतकऱ्याच्या भाषेत मावत नाहीत, हे ग्रेग्वारचे गृहीतक फुल्यांच्या गद्याने निकालात काढले आहे.

६

फ्रान्समध्ये हा वाद आजही संपलेला नाही. १९९२ मध्ये फ्रेंच ही प्रजासत्ताकाची भाषा असल्याचे कलम राज्यघटनेत आले. प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेवर १९९९ मध्ये फ्रान्सने सही केली, पण घटना परिषदेने तिच्यातील तरतुदी घटनाविरोधी ठरविल्या. २००८ मध्ये प्रादेशिक भाषा फ्रान्सच्या वारशाचा भाग म्हणून घटनेत मान्य झाल्या. आणि २०२१ मध्ये त्या भाषांतून पूर्णवेळ शिक्षण देण्याची तरतूद त्याच परिषदेने रद्द केली. वारसा म्हणून भाषेचा सन्मान करावयाचा आणि वापर म्हणून तिला आडवावयाचे, ही भूमिका नवीन नाही. बोलींचा अभ्यास मध्ययुगीन ग्रंथांवर प्रकाश टाकील, म्हणून त्यांची नोंद ठेवावी, असे ग्रेग्वारनेही म्हटलेच होते.

असे असले तरी ग्रेग्वारला केवळ दोषी ठरवून हा दस्तऐवज मिटविणे म्हणजे त्याने उपस्थित केलेल्या प्रश्नातून पळ काढणे होईल. कायदा ज्याच्यावर चालतो त्याला तो समजला पाहिजे, ही मागणी त्याच्या काळात जितकी न्याय्य होती तितकीच कोणत्याही लोकराज्यात न्याय्य राहील. ती पुरी करण्याची जबाबदारी कोणाची, एवढाच वाद आहे. ग्रेग्वारने ती नागरिकावर टाकली: त्याने राज्याची भाषा शिकावी. १७९० च्या अपुऱ्या, खर्चिक, सदोष भाषांतरांच्या मागे ती राज्यावर होती: राज्याने नागरिकाच्या भाषेत बोलावे. बुद्धिवादाच्या युगाची ही दोन्ही उत्तरे त्याच युगाच्या तत्त्वांतून निघाली आहेत. त्यांपैकी दुसरे उत्तर चार वर्षांतच टाकून देण्यात आले ते चुकीचे होते म्हणून नव्हे, तर त्यास श्रम व पैसा लागत होता म्हणून, आणि भाषेविषयीच्या एका अर्धसत्य उपपत्तीने ते टाकणे सुसह्य केले म्हणून. राज्यकारभाराच्या भाषेचा विचार करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने हा अहवाल एकदा मुळापासून वाचावा, आणि वाचताना त्यातील प्रश्न स्वीकारून उत्तर तपासून घ्यावे, एवढेच सुचवावयाचे आहे.